उसनं दिलेलं नाव

महिना साडेदहा हजारांची वाढ, पीएफ, रविवारची सुट्टी आणि पाठ टेकायला खुर्ची. समोर बसलेल्या, भरती बघणाऱ्या रविकिरणनं कागदावर सही केली, की एवढं सगळं मंजुश्रीच्या पदरात पडणार होतं. लातुरात शरणप्पांच्या कापड दुकानाचा गल्ला ती बारा वर्षं नऊ हजारांवर सांभाळत होती आणि रुपया कधी इकडचा तिकडं झाला नव्हता. सोनेतारण कंपनीला कॅशियर हवी होती. आपल्यापेक्षा बरी बाई त्यांना मिळणार कुठून, असं तिचं स्वतःचं मत होतं, आणि त्यात चूक काही नव्हतं.

"मॅडम, नोटा मोजण्यात तुम्ही मशीनच्या पुढं निघालात," रविकिरण म्हणाला. "पण पैशाच्या जागेवर घेताना आम्हाला सिबिल बघावं लागतं. तुमच्या नावावर कर्ज थकलंय. तेवीस हजार चारशे."

"माझ्या? मी च्यासुद्धा उधार पीत न्हाई."

"महिला गटाचं आहे. गेल्या वर्षीचं."

मंजुश्रीच्या लक्षात आलं. त्यांच्या गल्लीत बायका साखर द्यावी तशी नावं उसनी देत. एकीवर आधीच कर्ज असलं, की दुसरी सही करी. पैसे पहिली नेई, हप्तेही तीच भरी. याला 'नाव देणं' म्हणत आणि ते मोठ्या मनाचं काम समजलं जाई. शेजारच्या सिंधूला शेवयांचं मशीन घ्यायचं होतं. मंजुश्रीनं नाव दिलं होतं.

"का थकलं, ते सोमवारी लिहून आणा. आजारपण असेल तर साहेब समजून घेतात. दुसऱ्यासाठी उचललं असेल, तर मात्र आमच्याकडं त्याला फसवणूक म्हणतात."

संध्याकाळी सिंधू मशीनपुढंच सापडली.

"थकलेत गं अक्का. श्रावणापासून गिऱ्हाईक न्हाई."

"मग तोंडात काय शेवया होत्या? सांगायचं की."

"रोज ठरवून राहिले, आज सांगते म्हणून. तुझ्या तोंडाला भेले. वसुलीवाला दुपारी येतंय, तू दुकानात. मीच परतवते त्याला." मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "मी येते की सोमवारी. सांगते साहेबाला, पैसे मी उचलले, अक्कानं निस्तं नाव दिलं."

"तेवढं नको सांगू माय. कामाच्या जागी चौकीत बसवतील मला."

सोमवारी सकाळी मंजुश्रीनं बँकेतली ठेव मोडली, कर्ज भरलं आणि पावती घेऊन कंपनीत गेली. अर्जात तिनं लिहिलं होतं : कर्ज मी सही करून घेतलं. हप्ते थकले. आज सगळे भरले.

"आणि कारण?"

"एवढंच हाय."

"आजारपण लिहिलं असतं तर..."

"घरात सगळे धडधाकट हायेत, साहेब. उगं कशाला कुणाला आजारी पाडू?"

रविकिरणला हसू आलं, पण नियम हसत नव्हता. आत जाऊन साहेबांशी बोलून तो परत आला. "कॅशवर नाही घेता येणार. पुढच्या काउंटरवर जागा आहे. तेरा हजार."

म्हणजे कॅशियरपेक्षा महिन्याला साडेसहा हजार कमी. तिला बोटांवर मोजावं लागलं नाही.

"रविवार?"

"सुट्टी."

"खुर्ची?"

"आहे की."

"कधीपासून येऊ?"

सिंधूनं मशीन जिद्दीनं चालवलं. दर सोमवारी नऊशे रुपये, एकही खाडा नाही. सव्विसाव्या सोमवारी ती नवं लुगडं नेसूनच आली.

"मोजून घे अक्का. फिटलं. माझ्यापायी तुझं एक पैशाचं नुसकान झालं न्हाई."

मंजुश्रीनं नोटा मोजल्या. "हाव. बरोबर हायेत," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

सहा महिन्यांत सिंधूनं तेवीस हजार चारशे भरले होते. मंजुश्रीनं महिन्याला साडेसहा हजारांप्रमाणं एकोणचाळीस हजार, आणि तिचे अजून चालू होते.