ज्या दिवशी मी बंद पडले नाही

मित्रांनो, मी एक जुनी नऊ आसनी गाडी आहे. नऊ म्हणायची एवढंच. त्यातली दोन आसनं कधीच काढून टाकली, कारण तिथे शिडी ठेवायची असते. माझे मालक पाट्या रंगवतात. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. माझ्या पोटात कायम टर्पेंटाइनचा वास असतो आणि खाली इतके रंग सांडलेत की तळाच्या पत्र्याचा मूळ रंग कोणता होता, हे मलाही आठवत नाही. मला वाचता येत नाही. पण रस्त्याकडेची पाटी चांगली आहे की वाईट, हे मला मालकांवरून कळतं. चांगली असली की ते मला हळू करतात, वाईट असली की खो खो हसतात.

कारखान्यातून आले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. अंगणात उभी राहिले तेव्हा सगळे माझ्याभोवती फिरले, पण माझ्याशी बोलल्या त्या एकट्या मालकांच्या आत्या. माझ्या बोनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, माझ्या पोरांना जपून ने हं." पोरं म्हणजे माझे मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्यांनी दूरच्या इस्पितळातली नर्सची नोकरी सोडली आणि या दोघांना वाढवलं. पुढे मालकांना मिशा आल्या, टक्कल पडलं, तरी आत्यांच्या लेखी ती पोरंच राहिली.

आता माझ्याबद्दल खरं सांगते. मी नाव कमावलं ते बंद पडण्यात. माझा रेडिएटर गळका. चढ आला की मला धाप लागते, नाकातोंडातून वाफा येतात, आणि मग मी जिथे असेन तिथे बसकण मारते. एकदा भर चौकात, वाहतूक पोलिसाच्या पुढ्यात बसले. एकदा नव्या दुकानाच्या उद्घाटनाला निघाले होते, पाटी माझ्या पोटात, आणि मी पुलावर. तिकडे पाहुणे रिकाम्या भिंतीखाली टाळ्या वाजवून घरी गेले. घरात कुणी रुसून बसलं, तर त्याला म्हणत, "काय रे, तुझी गाडी झाली का?" मला वाईट वाटायचं, पण करणार काय?

त्या सुट्टीत आम्ही समुद्रावर गेलो होतो. मालक, मालकीणबाई, त्यांची सात वर्षांची लेक चिमणी, धाकटा आणि आत्या. चार दिवस मजेत गेले. परतीच्या वाटेवर प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक ठिकाण बघायचं, असं ठरलं. क्रम ठरवायची गरजच नव्हती. या घरात जुना नियम होता: लहानांचं आधी. जेवायला वाढताना, आंघोळीला पाणी काढताना, सगळीकडे लहानांचं आधी. हा नियम आत्यांनीच घातलेला. त्यामुळे त्यांचा नंबर शेवटचा.

आत्यांचं ठिकाण म्हणजे त्यांची मैत्रीण. इस्पितळात दोघी एकाच खोलीत राहायच्या. नोकरी सोडल्यापासून भेट नव्हती, नुसती पत्रं. "रविवारी चारपर्यंत येते," असं आत्यांनी तिला कळवलं होतं. मांडीवर एक पुडकं होतं. मैत्रिणीचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी लोकरीच्या गुडघेटोप्या विणल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. लोकर पुरली नव्हती.

सकाळी चिमणीचं ठिकाण झालं. एका खानावळीपुढे दोन मजली सिमेंटची किटली होती. तिच्यातून चहा येत नाही हे कळल्यावर चिमणीने असं भोकाड पसरलं की खानावळवाल्याने वर चढून तोटीतून बादलीभर पाणी ओतलं. मग धाकट्याची दरी. तिथे हाक मारली की सात वेळा घुमते, असं त्याने कुठेतरी ऐकलेलं. त्याने बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, "कोण आहे रे तिकडे?" काही घुमलं नाही. थोड्या वेळाने पलीकडून एका गुराख्याचा आवाज आला, "काय पाहिजे?" धाकटा इतका लाजला की गाडीत येऊन डोळे मिटून पडला.

मालकीणबाईंनी कुंभारांच्या बाजारात चिमणीएवढा रांजण घेतला. त्याला मागच्या सीटवर, आत्यांच्या शेजारी बसवलं आणि पट्टा बांधला. आत्या दाराकडे सरकल्या. "ऐसपैस बसलाय की पाहुणा," म्हणाल्या आणि हळूच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते.

मग आलं मालकांचं ठिकाण. एक बंद पडलेलं चित्रपटगृह, आणि त्यावर पुरुषभर उंचीची हाताने रंगवलेली अक्षरं. मालकांनी शिडी काढली. वर चढून प्रत्येक अक्षर वितीने मोजायला लागले. पहारेकऱ्याला वाटलं, हा माणूस अक्षरं उचकटून नेणार. त्याला समजावण्यात अर्धा तास, त्यानेच मग शिडी धरली त्यात आणखी एक तास. आत्यांनी घड्याळ किती वेळा पाहिलं, ते मी मोजलं नाही. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "आत्या, तुम्हाला उशीर होतोय का?" आत्या म्हणाल्या, "छे गं. बघू दे त्याला. पोटापाण्याची विद्या आहे त्याची."

निघालो तेव्हा साडेचार झाले होते. त्यात माझा एक दिवा मिणमिणता, म्हणून अंधाराच्या आत घर गाठायचं होतं. मालकांनी मला दामटलं, आणि काय सांगू मित्रांनो, मी पळाले! चढ आला, धाप नाही. दुसरा चढ आला, वाफ नाही. मालकांनी माझ्या स्टीअरिंगवर थाप मारली. "आज राणी काय पळतेय बघा!" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला राणी म्हणालं. मी फुगले.

तेवढ्यात एका फाट्यावर पत्र्याची पाटी दिसली. मालक हसत सुटले. "अरे, हे बघा, हे बघा! काय अक्षर आहे! एक आकाशात, एक पाताळात. आणि बाण कसला तो, बोंबील वाटतोय!" धाकटा हसला, मालकीणबाई हसल्या, चिमणीला काही कळलं नाही तरी तीही हसली. हसता हसता फाटा मागे गेला.

माझ्या आतल्या आरशात मला आत्या दिसत होत्या. त्या हसल्या नाहीत. मान वळवून, पाटी दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

बऱ्याच वेळाने मालकांच्या ध्यानात आलं. "आत्या, तुझं ते ठिकाण कुठे आलं गं?"

"मागे राहिलं रे."

"अगं, मग बोलायचंस ना! आता वळलो तर अंधार होईल." मालकांचं तोंड उतरलं. "पुढच्या सुट्टीत खास येऊ. फक्त तुझ्यासाठी. नक्की."

"येऊ की. चल तू. चिमणी पेंगायला लागलीय." आत्यांनी पुडकं सीटखाली सरकवलं, पुढच्या वेळेसाठी.

तेव्हा मी बंद पडायला हवं होतं. चौकात पडले, पुलावर पडले, नको तिथे शंभरदा पडले. त्या फाट्यावर एक वाफ सोडली असती तर सगळे उतरले असते, पाणी शोधत त्याच वाटेने गेले असते. पण मला राणी म्हणाले होते ना! मी थेट अंगणात येऊन थांबले. घरात माझं कौतुक झालं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

पुढच्या सुट्टीआधीच आत्या गेल्या. चार दिवसांचा ताप, बस्स. नंतर कित्येक महिने मी झाडाखाली उभी होते. मालक कामालाही सायकलने जात. शेवटी एकदा मला धुवायला काढलं, तेव्हा सीटखाली हात घालताच पुडकं लागलं. मालक तिथेच, ओल्या पायांनी, माझ्या पायरीवर बसले. मग पुडक्यावरचा पत्ता वाचला आणि तसेच निघाले.

या वेळी फाट्यावर ते हसले नाहीत. आत वळून, जुन्या वसाहतीतल्या एका बैठ्या घरापुढे आम्ही थांबलो. दारात एक वृद्ध बाई काठी टेकत आल्या. मालकांनी पुडकं पुढे केलं आणि खाली बघत म्हणाले, "आत्या गेली. मार्गशीर्षाच्याही आधी. मला कळवायचं सुचलं नाही."

"पत्र थांबलं तेव्हाच समजले मी," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "हीच का ती गाडी? त्या रविवारी वाटेत बंद पडली होती ना? तिने लिहिलं होतं. मी सात वाजेपर्यंत बसले होते दारात, वाटेकडे डोळे लावून. वाटलं, वळण चुकलात की काय. जुनी पाटी पुसून गेली होती, म्हणून सकाळी मीच नवी रंगवली होती. तिने लिहिलेलं, भाचा पाट्यांतला दर्दी आहे म्हणून. फार जपून लिहिली, पण हात थरथरतो हो माझा."

मैत्रिणीचं अक्षर आत्यांनी त्या दिवशी ओळखलं होतं. आणि हसणाऱ्या पोरावर ठपका येऊ नये म्हणून तो माझ्यावर टाकला होता. जन्मभर इतक्या वेळा बंद पडले, आणि दर वेळी लागलेला बोल मला टोचला. न पडताच लागलेला हा बट्टा मात्र मी आनंदाने घेतला.

निघताना मी सुरूच झाले नाही. खरंच झाले नाही. एक वर्ष उशिरा का होईना, त्या दारात मी बसकण मारली. बाईंनी चहा ठेवला. गुडघेटोप्या तिथल्या तिथे चढवल्या, एक लाल, एक हिरवी, आणि आत्यांच्या तरुणपणाच्या गोष्टी मालकांना संध्याकाळपर्यंत सांगितल्या.

मग कुठे मी सुरू झाले, आणि फाट्यावर मालकांनी मला थांबवलं. रंगाचे डबे काढले, ब्रश काढला. मला वाटलं, आता पाटी नवी होणार, देखणी होणार. मालक बराच वेळ तिच्यापुढे उभे राहिले. मग रंगाचे डबे परत ठेवले आणि फक्त व्हार्निशचा काढला. पावसात अक्षरं जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्यावर एक पातळ हात फिरवला. एकही अक्षर सरळ केलं नाही. बाणही तसाच ठेवला.

मित्रांनो, माझी आता भंगारात जायची वेळ आली आहे. मला धुवा, पुसा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गाडीत मागच्या सीटवर, सामानाच्या आड कुणीतरी गप्प बसलेलं असेल. ते काही मागणार नाही. एकदा त्याचं ठिकाण आधी घ्या.