प्रेशरची गोळी

आमच्या जितेंद्राला लहानपणापासून माझ्या ताटातलं उचलून खायची खोड. तिशीला आला, बायको आली, तरी खोड गेली नाही. फरक एवढाच, की यंदा त्याने माझी प्रेशरची गोळी उचलली.

तो बोटीवर खलाशी. बोट म्हणजे आमच्या मिठबाव गावची होडी नव्हे, देशोदेशी फिरणारं जहाज. चढण्याआधी दरवेळी गोव्यात मेडिकल. तिथे दंडाला पट्टा बांधला की ह्याचं प्रेशर चढतं. एरवी नारळाचं पोतं पाठीवर घेऊन उभी घाटी चढतो, तेव्हा काही नाही. गेल्या खेपेला त्या पट्ट्यापायी बोट चुकली आणि हा घरात बसून बायकोच्या, जान्हवीच्या आमटीला नावं ठेवत राहिला. परत चुकली तर कंपनी यादीतून नावच काढणार होती.

रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून मी आंबोळ्यांचा डबा घेऊन सोबत गेले.

डॉक्टरणीने पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. मग नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिली.

"ठोके फार हळू पडतायत. तुम्ही शर्यतीत धावता का?"

"नाय, मॅडम."

"उभे राहा बघू."

हा उभा राहिला आणि तिच्याच टेबलावर आडवा झाला.

छातीला वायरी लावल्या. पाय उंच धरायला मला सांगितलं. ते पाय बर्फासारखे गार होते. मी ते सोडले नाहीत.

ह्याने डोळे उघडल्यावर तिने विचारलं, "काय घेतलंत?"

ह्याने माझ्याकडे बघितलं. "आयेची गोळी. दोन. खात्रीक."

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," ती म्हणाली. "ही गोळी ठोके हळू करते, दाब उतरवते. आजींचा चढलेला दाब तिने जागेवर येतो. तुमचा जागेवरच होता, तो खाली गेला. गोळीला माणूस ओळखता येत नाही."

मला आजी म्हणाली. त्या घटकेला मी ते सोडून दिलं.

"औषध उतरेपर्यंत इथेच झोपा. आज सही नाही. सोमवारी काही न घेता या."

"मॅडम, तसाच इलंय तर प्रेशर वर जातला."

"मग थोडं बसवून परत मोजू."

वर्षभर घरी बसला, पण गेल्या खेपेला 'परत मोजा' एवढं ह्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

डॉक्टरीण बाहेर गेली. हा पडल्यापडल्या हळूच म्हणाला, "आये, सोमवारी अर्धीच घेतंय."

मी आंबोळ्यांचा डबा बाजूला ठेवला.

"अर्धी नाय आणि पाव पण नाय. माझी गोळी माझ्या रोगाची. तुका रोग नाय रे, भीती आसा. भियाचा तर भी, मॅडमीच्या समोर बसान भी. काळीज धडधडता तर धडधडांदे, ता त्याचा कामच आसा. पण परत माझ्या गोळ्यांच्या डब्याक हात लावन मेलंस, तर मी तुका रडूचंय नाय, जितू. सांगान ठेवतंय."