गालाशी राहिलेली फट

...फटच होती ती, सावली नव्हे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर, डोकं हलू नये म्हणून आवळलेला जाळीदार मुखवटा आणि भिकन आप्पांचा गाल यांच्यामध्ये जराशी मोकळी जागा दिसत होती – आणि मघाशी, मुखवटा बसवताना, ती नव्हती. प्रतिभाने स्वतः दाबून पाहिलं होतं. "सैल वाटतोय का, आप्पा?" "नाय ताई, लय घट्ट बसला. ठीक शे." किती टम्म दिसत होते गाल तेव्हा! महिनाभर धड घास न गिळलेल्या माणसाचे गाल टम्म... आणि बाई, तुला शंकासुद्धा आली नाही?

फुगवले होते त्यांनी. मुखवटा तयार केला तेव्हाचा चेहरा आता उरलाच नव्हता, आणि ते त्यांना ठाऊक होतं. सटाण्याहून आलेल्या या माणसाला आपण दोनदा परत पाठवलं – एकदा मशीन बंद म्हणून, एकदा ताप म्हणून. आता मुखवटा ढिला निघाला तर पुन्हा घरी धाडतील, या धास्तीने गाल फुगवून, श्वास धरून बसला हा शहाणा! सगळे बाहेर पडले, दार लागलं, श्वास सुटला, आणि डोकं मागे सरकलं.

आत न्यूट्रॉनचा झोत सुरू होता. औषधातलं बोरॉन गालातल्या कॅन्सरच्या गाठीत साचलं होतं. झोत पोचला की गाठ तिथल्या तिथे जळावी, असा तिने मांडलेला सगळा हिशेब. पण तो हिशेब गाल झोताच्या तोंडाशी टेकलेला धरून केलेला... एवढ्याशा अंतराने काय होतंय? बरंच होतं. गाठीची मागची कड जिवंत राहील. आणि थांबवलं तर – खोलीतला किरणोत्सार ओसरेपर्यंत आत जाता येणार नाही, तोवर रक्तातलं बोरॉन उतरणार, मग पुन्हा रक्त तपासा, घटलेल्या बोरॉनपायी झोत वाढवा, आणि चांगली जीभ, चांगला जबडा भाजून काढा. आधीच्या किरणोपचारांच्या शेकांनी कातडी पार संपलेली. यापुढे दुसरा उपचार काही नाही. देवा, यापुढे खरंच काही नाही!

"मस्त चाललंय, मॅडम. करंट एकदम स्थिर," मशीन चालवणारा दिनेश म्हणाला.

मशीनचं मस्तच चालतं. गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? गाठ वाढली तर रोगाच्या माथी मारता येईल... हे मी म्हणतेय? मी?

"दिनेश, बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर म्हणते ना!"

झोत थांबला. आता जाणारा प्रत्येक क्षण आप्पांच्या रक्तातून चाललेला... तिने माइकचं बटण दाबलं. "आप्पा, ऐकू येतंय का?"

तिचा आवाज आत पोचला मात्र – पडद्यावरचा गाल घाईघाईने टम्म फुगला. फट बुजली. तोंड गच्च मिटून ते तसेच पडून राहिले.

त्यांना भीती रोगाची नव्हती, किरणांचीही नव्हती. तिची होती – ती पुन्हा घरी धाडेल याची. इतकी वर्षं ती मशीनकडे डोळ्यांत तेल घालून बघत आली, आणि या माणसाला तिच्यापासून जीव वाचवावासा वाटत होता. श्वास सोडा, आप्पा, एवढंच तर म्हणायचं होतं. बटण दाबलेलं होतं, दिनेश वाट बघत होता, आणि तिचा स्वतःचाच श्वास छातीत अडकून बसला होता.