उतारावरचा उलटा क्लच

भेंडीची सहा क्रेट.

एकाच दुपारी नऊ वेळा दरीत पडलेला ट्रक.

कापूस, स्पिरिट आणि दाढीचं जुनं पातं.

"भुताचा रिमोट देऊ नको रे मला!"

किन्हवलीहून शहापूरला येणारी एसटी. खिडकीशी बसून हवेतच दोन बोटं आवळणारी मुलगी.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही ना? मलाही बरेच दिवस दिसला नव्हता. सगळ्यांच्या मध्ये मी होतो, एवढंच. मी म्हणजे संगणकावरचे खेळ खेळायचा कंट्रोलर. एके काळी काळाभोर होतो, आता करडा झालोय. धरायला दोन मुठी, अंगठ्यांसाठी दोन छोट्या कांड्या, उजवीकडे चार बटणं, आणि पुढच्या बाजूला, तर्जनी टेकते तिथे, बंदुकीच्या चापासारखे दोन ट्रिगर. शहापुरात मला कुणी कंट्रोलर म्हणत नाही. रिमोट म्हणतात. मी तेवढ्यावरही ओ देतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं, की एका बाईने माझं प्रत्येक बटण एकदा दाबून पाहिलं आणि मला पुढे सारलं. ती माझी पहिली परीक्षा. पास झालो.

पहिला मालक आसनगावचा, नोकरीवाला. रविवारी मला हातात घ्यायचा आणि खेळून झाल्यावर चष्म्याच्या फडक्याने पुसायचा. मित्रांना सांगायचा, "याच्यासारखी पकड दुसऱ्या कशाला नाही." मी ते ऐकून फुगायचो. मग त्याचं लग्न झालं, घरात पाळणा आला, रविवार संपले. मी शहापूरच्या बाजारगल्लीतल्या एका दुकानात आलो.

हे दुकान नवरा-बायकोचं. पुढच्या काउंटरवर रंजिताताई मोबाइल दुरुस्त करतात. मागच्या खोलीत हरेशदादांचे चार संगणक. तिथे मुलं येतात, खेळतात, भांडतात आणि पुन्हा येतात.

पहिली दोन वर्षं माझ्यासाठी रांग लागायची. कीबोर्डचं बटण दाबलं तर पूर्ण दाबलं जातं, सोडलं तर पूर्ण सुटतं. गाडी वळली तर सगळीच वळते. माझ्याकडे अर्ध्या दाबाला अर्धं वळण मिळतं. नेम धरायच्या खेळात मात्र माउसपुढे माझं काही चालत नाही. खोटं कशाला बोलू?

पण वडापाव खाऊन तसेच आलेले अंगठे, चटणी, घाम, आणि हरल्यावर टेबलावर आपटणं. माझी डावी कांडी झिजली. कुणी हात लावला नाही तरी ती आपोआप डावीकडे सरकू लागली. खेळातला माणूस उभ्याउभ्या भिंतीत घुसायचा. मनोज नावाचा एक तरुण, दुकानातला सगळ्यात वेगवान कीबोर्डवाला, त्याने माझं बारसं केलं: भुताचा रिमोट. त्यानंतर मी ड्रॉवरमध्ये गेलो. शेजारी तीन मेलेले माउस आणि वायरींचं भेंडोळं. तिथे दोन वर्षं काढली.

(दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. म्हणून ही ओळ.)

मग समीक्षा आली. किन्हवलीच्या पुढच्या गावची, शहापूरच्या कॉलेजात शिकणारी.

"दादा, एखादा कॉम्प्युटर मोकळा हाय का?"

"एक हाय, पण त्याचा कीबोर्ड मेलाय. रिमोट चालंल?" हरेशदादांनी ड्रॉवर ओढला.

"भुताचा रिमोट देता तिला?" मनोज ओरडला. "पळून जाईल ती!"

"आमच्या माळावर दोन भुतं हायत," समीक्षा म्हणाली. "मला सवय हाय."

हरेशदादांनी एक युक्ती केली. माझी डावी कांडी बंद करून वळण्याचं काम दोन ट्रिगरना दिलं. डावा ट्रिगर दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. खेळ होता घाटातून मालाचा ट्रक नेण्याचा. समीक्षाच्या तर्जन्या माझ्यावर टेकल्या, आणि मला कळलं की हे हात शिकाऊ नाहीत. चढावरची सगळी वळणं तिने लोण्यासारखी काढली.

"हे तं आमच्या टिलरसारखं हाय!" ती म्हणाली.

मित्रांनो, पॉवर टिलर म्हणजे दांडे धरून चालवायचं नांगरणीचं छोटं यंत्र. मागे ट्रॉली जोडली की ते मालही ओढतं. त्याला स्टिअरिंग नसतं. प्रत्येक दांड्याखाली क्लचची एक पट्टी असते. डावी आवळली की डावीकडे, उजवी आवळली की उजवीकडे. तिच्या बाबांची, अनंताकाकांची, कंबर धरल्यापासून टिलर तीच चालवायची. सकाळी माळावरची भेंडी क्रेटमध्ये भरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरवायची, मग एसटीने कॉलेज.

चढ संपला. घाटाचा उतार लागला. पहिलंच डावं वळण आलं, आणि ट्रक उजवीकडे जाऊन दरीत पडला.

"माल दरीत मागवलाय का गो कुणी?" मनोज म्हणाला.

त्याच आठवड्यात बातमी आली. मुरबाडच्या एका युवक मंडळाने दोन तालुक्यांची स्पर्धा ठरवली होती, याच ट्रकच्या खेळाची. प्रत्येक तालुक्याचे तिघे. शहापूरचे दोघे ठरलेलेच: मनोज आणि त्याचा चुलतभाऊ. तिसरी जागा हरेशदादांच्या दुकानात, रविवारी चाचणी घेऊन भरायची होती.

समीक्षाला ती जागा हवी होती. कॉलेजात तिला टिलरवाली म्हणत. टिलर तिने निवडला नव्हता, तो तिच्या वाट्याला आला होता. हा खेळ मात्र तिने स्वतः निवडला होता. तिने फॉर्म घेतला.

नाव: समीक्षा
तालुका: शहापूर
साधन (एकावरच खूण करा, नंतर बदल नाही. कंट्रोलर असल्यास स्वतःचा आणावा): कंट्रोलर / कीबोर्ड-माउस

शेवटची ओळ तिने कोरी ठेवली.

"ही पण कीबोर्डवर गेली का हा रिमोट भंगारात टाकतो," हरेशदादा म्हणाले. सहजच म्हणाले. माझ्या पोटातली कंपनाची मोटार मात्र थरथरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नऊ वेळा घाट उतरायचा प्रयत्न केला. नऊ वेळा ट्रक दरीत. शेवटी चिडून तिने मनोजचा कीबोर्ड घेतला. मित्रांनो, मी श्वास रोखून पाहिलं. ट्रक पडला नाही. पण प्रत्येक वळणावर तो एवढा हिसका खायचा की सावरण्यातच वेळ जायचा. ती सगळ्यांच्या शेवटी पोचली. एकावर पडायचं, दुसऱ्यावर मागे राहायचं. यातून निवड करायची होती.

बुधवारी अनंताकाका टिलरचा पट्टा घ्यायला शहापुरात आले. नवा पट्टा गळ्यात अडकवून ते मागच्या खोलीत स्टुलावर बसले आणि लेकीचा खेळ पाहू लागले. डावं वळण. उतार. समीक्षाचा उजवा ट्रिगर दाबला गेला. ट्रक दरीत.

"हे बगा, परत उलटंच दाबलं," मनोज म्हणाला.

"उलटं कुठं? बरोबर तं करतेय पोरगी!" काका उसळले. "उताराला उलटाच क्लच धरायचा असतो. तुमचा ट्रकच खोटा हाय."

हरेशदादांनी मान वर केली. "म्हंजे कसं, काका?"

"अरे, उताराला ट्रॉली मागनं ढकलते. डावा क्लच आवळला का डावं चाक मोकळं सुटतं नि पुढं पळतं. मग टिलर जातो उजवीकं. म्हून डावीकं जायाचं तं उजवा आवळायचा. हे ध्यानात नाय ठेवलं तं ट्रॉलीसकट खाली! मीच शिकवलंय तिला, रडवून रडवून."



"मग काका, आता ट्रकला पण शिकवा," मनोज म्हणाला आणि सगळे हसले. काकाही हसले. समीक्षा हसली नाही. ती आपल्या बोटांकडे पाहत होती.

त्या दुपारी तिने बोटांना नवं शिकवायला घेतलं. उतार आला की तोंडाने म्हणायची, "डावा म्हंजे डावा." एसटीने जाता-येतानाही हवेत बोटं आवळत राहिली. गुरुवारी दहातले सहा घाट ती सुखरूप उतरली. मी खूश होतो. मी फार खूश होतो, आणि तिथेच माझं चुकलं.

शुक्रवारी ती दुकानात आली ती हाताला पट्टी बांधून. रंजिताताईंच्या काउंटरला टेकून तिने सांगितलं, ते मी आतून ऐकलं. सकाळी सहा क्रेट घेऊन ती माळावरून उतरत होती. डावं वळण आलं. दोन दिवसांत मी जे शिकवलं होतं तेच बोटांनी केलं, डावा क्लच आवळला. टिलर उजवीकडे घसरला. कडेला एक पळस होता म्हणून ट्रॉली तिथे अडकली. तिचा पंजा खरचटला, भेंडी उतारभर सांडली.

"बाबा काय म्हणाले?" रंजिताताईंनी विचारलं.

"काय नाय. माझ्यासंगती भेंडी येचत बसले. मग म्हणाले, खेळ काय खेळायचा तो खेळ गो, पण हे हात मला सकाळी जसेच्या तसे पायजेत."

मित्रांनो, मी प्लास्टिकचा आहे. तरी त्या वाक्याने मला चटका बसला.

ती आत आली. फॉर्म काढला, पेन काढलं आणि कीबोर्ड-माउसवर टेकवलं. तिच्या जागी मी असतो तर तीच खूण केली असती. मागे राहिलेला ट्रक परवडतो. पण खूण करण्याआधी तिने माझी डावी कांडी बोटाने हलवली.

"दादा, ही कशाला असते?"

"वळायलाच असते ती."

"मग आपण तिनं का नाय वळत?"

"खराब हाय ती."

"मग नीट करा ना."

हरेशदादांनी काउंटरकडे पाहिलं. रंजिताताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "दोन वर्षं झाली, मला कुणी सांगितलंय का? साऱ्या तालुक्याचे मोबाइल माझ्याकडे येतात, नि घरातला रिमोट ड्रॉवरमध्ये कुजतोय!"

"आता सांगतोय ना गो," हरेशदादा पुटपुटले.

मला पहिल्यांदाच कुणी उघडलं. आतली घाण पाहून मलाच लाज वाटली. रंजिताताईंनी दाढीच्या पात्याने चटणीचे थर खरवडले, कापसाला स्पिरिट लावून प्रत्येक खाच पुसली. डाव्या कांडीखालचा झिजलेला भाग डाख वितळवून सोडवला आणि सुट्या भागांच्या डबीतून तसाच एक शोधून बसवला. मग कांडी ढकलली आणि सोडली. ती मध्यभागी येऊन थांबली. सरकली नाही. दोन वर्षांनी मी स्थिर उभा होतो.

हरेशदादांनी ट्रिगर बंद केले. वळणं डाव्या कांडीवर, वेग आणि ब्रेक उजवीकडच्या बटणांवर.

"बोटं टिलरची, अंगठा ट्रकचा," समीक्षा म्हणाली आणि कंट्रोलरवर खूण केली.

हातात दोनच दिवस होते. अंगठा नवखा होता, लवकर दुखायचा. शनिवारी तर ती चढावरही मागे पडत होती. मनोजने नकारार्थी मान हलवली, पण चिडवलं नाही.

रविवारी तिसऱ्या जागेसाठी तिघे बसले. बाकीचे दोघे कीबोर्डवर. काउंटर सोडून रंजिताताईही मागे येऊन उभ्या राहिल्या. अर्धा चढ समीक्षा शेवटी होती. माथ्यावर एक जण वळणात हिसका खाऊन कठड्याला घासला, ती दुसरी झाली. मग उतार.

डावं वळण आलं. तिच्या उजव्या तर्जनीने माझा उजवा ट्रिगर घट्ट आवळला, जुन्या सवयीने, अगदी माळावर आवळावा तसा. ट्रिगर बंद होता. काहीच झालं नाही. आणि त्याच क्षणी तिच्या अंगठ्याने कांडी हलकेच डावीकडे नेली, अर्धी, जेवढं वळण तेवढीच. ट्रक वळला. पुढचं उजवं वळण. डावी तर्जनी आवळली, अंगठा उजवीकडे गेला. सगळा घाट ती तशीच उतरली, बोटं त्यांचं खरं धरून आणि अंगठा त्याचं. शेवटच्या वळणावर पुढच्या ट्रकनेही हिसका खाल्ला. समीक्षा वळणाच्या आतल्या बाजूने निघाली आणि आधी पोचली.

मनोजने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. "समे," तो म्हणाला, "मुरबाडला उताराला तू पुढं राहा. मी मागनं येतो."

हरेशदादांनी मला तिलाच देऊन टाकलंय. आता मी तिच्या पिशवीत असतो, सुती ओढणीत गुंडाळलेला. परवा पुन्हा सहा क्रेट माळावरून खाली आली. एकही भेंडी सांडली नाही म्हणे. मुरबाडची स्पर्धा येत्या रविवारी आहे. निकाल काहीही लागो, तिच्या सकाळचे हात आणि दुपारचा अंगठा आता एकमेकांशी भांडत नाहीत.

मित्रांनो, कंट्रोलर घ्यावा की कीबोर्ड-माउस, असं मुलं मला अजून विचारतात. माझं सांगणं एवढंच: तुमचे हात दिवसभर काय करतात ते आधी पाहा, मग निवडा. जे निवडाल ते हात धुऊन वापरा. जे निवडणार नाही तेही आपटू नका. आणि एखादी वस्तू वेड्यासारखी वागू लागली तर तिला भूत म्हणण्याआधी, ज्याला दुरुस्ती येते अशा माणसाला एकदा दाखवा. तो माणूस बहुतेक वेळा चार पावलांवरच बसलेला असतो.

माझ्या कांडीला लागलेला तो सुटा भाग रंजिताताईंच्या डबीत मी दुकानात येण्याच्या आधीपासून पडलेला होता.