सरहद्दीवर अडकलेली विळी

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. पाय आवरून बसा, मला कुणी ओलांडून गेलेलं खपत नाही. शाळेची पायरी मी चढले नाही, पण दोन पिढ्यांना जेवू घातलंय. तेव्हा मधे बोलू नका.

पनवेलच्या बाजारात काशिराम लोहाराने माझं पातं ठोकलं, टोकाला नारळ खवायचे दाते काढले आणि फणसाच्या पाटावर मला बसवलं. गंगाबाईने मला घरी नेलं. तिच्या हाताखाली मी पंगतीच्या पंगती चिरल्या. भाज्या हो, माणसं नव्हे! हात थकले तेव्हा तिने मला सुनेच्या, शशिकलाच्या हातात दिलं. म्हणाली, "हिला कुणाच्या हवाली करू नकोस."

पुढे नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आला आणि मी ओट्याखाली गेले, फिनाइलच्या बाटलीशेजारी. अकरा वर्षं. रुसले होते, खोटं कशाला सांगू? पण शशिकलाचे पाय ओट्याशी उभं राहून सुजायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बसून कामं करा. आली का आठवण माझी!

तेवढ्यात इमारत पाडायचं ठरलं. शशिकलाचा नवरा अवधूत नुकताच निवृत्त झाला होता. द्रोणागिरीच्या गोदामात तीस वर्षं कंटेनरवरची लांबलांबच्या बंदरांची नावं वाचून त्याचं डोकं फिरलेलं. फ्लॅट विकला आणि म्हणाला, "दक्षिण अमेरिकेत एखादं गाव बघून तिथेच राहू." शशिकलाने एकच अट घातली, "जिथे मला जमिनीवर बसून स्वयंपाक करता येईल, तिथे राहीन."

मग काय, गावामागून गाव. एका डोंगरातल्या गावी फरशी अशी गार की बसवेना. दुसरीकडे स्वयंपाकघरात गालिचा! गालिच्यावर विळी मांडतात का कधी?

इक्वेडोर देशात माचाला नावाचं गाव लागलं. तळमजल्याचं घर, लाल गुळगुळीत जमीन, मागच्या दारी केळी. शशिकला मला घेऊन खाली बसली आणि अर्धा नारळ खवला. कित्येक दिवसांनी ती गुणगुणत होती. अवधूत घाम पुसत म्हणाला, "केळी बघायला एवढ्या लांब आलो का? आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला काय कमी आहेत?"

त्याने फोनवर पेरू देशातलं घर हेरलं होतं. मालक दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतच थांबणार होता, नंतर घर दुसऱ्याला.

"तिथे खाली बसायला जागा आहे का?"

"अगं, समोर समुद्र आहे!"

"समुद्रात बसून खवू?"

पण निघाली बिचारी. निघताना तिने नेहमीसारखं माझ्या पात्याला हळदकुंकू लावलं आणि मला जुन्या साडीत गुंडाळलं. तिथली हवा घामट. बसमध्ये कुंकू विरघळलं, पात्यावरून ओघळलं, साडीत मुरलं.

सरहद्दीवर बॅगा उघडल्या. तपासणारी पोरगी माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरली. तिने मोबाइलमध्ये काहीतरी म्हटलं आणि मोबाइल मराठीत बोलला, "हे रक्त कुणाचं आहे?"

बंदूकवाला शिपाई पुढे आला. अवधूतचे ओठ पांढरे पडले. "अगं, सांग ना काहीतरी!"

"तुम्ही सांगा. तुम्हाला समुद्र हवाय."

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. अवधूत एकदम म्हणाला, "मॅडम, ठेवून घ्या. फेकून द्या. आम्हाला नको ती."

मित्रांनो, माझ्या पात्याला कधी गंज चढला नव्हता, पण त्या घटकेला आतून कशाने तरी खाल्लं.

"फेकून द्या?" शशिकला म्हणाली. "तुमच्या आईने दिलेली वस्तू आहे."

"शशी, बस जाईल. तिकडे सुरी घेऊ."

ती ऐकतेय कशाला! दारात नारळ विकणाऱ्या बाईकडून एक घेतला, फोडला आणि सगळ्यांदेखत फरशीवर बसली. पाय पाटावर, दोन्ही हातांत वाटी. पांढरा कीस पडायला लागला. त्या पोरीने चिमूटभर तोंडात टाकला आणि हसली. बॅगेतली कुंकवाची डबी बघितली, शशिकलाचं कपाळ बघितलं. रक्त नाही हे पटलं तिला. पण मोबाइल पुन्हा बोलला, "असं पातं बसमधून पुढे नेता येणार नाही. इथे सोडा, किंवा मागे फिरा."

"मागे फिरते," शशिकला म्हणाली.

अवधूतने बसच्या पायरीवर एक पाय ठेवला. "मी घर बघून येतो. तू माचालाला थांब."

"जा. समुद्राला माझा नमस्कार सांगा."

बस हलली. धुरळा उडाला. शशिकलाने मला छातीशी धरलं होतं, तिचं काळीज मला ऐकू येत होतं. धुरळा बसला तेव्हा अवधूत दोन बॅगा घेऊन रस्त्यातच उभा.

"उतरलात कशाला?"

"माझा चष्मा तुझ्या पर्समध्ये आहे," तो म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावरच होता.

माचालाचं ते घर अजून रिकामं होतं. आता आम्ही तिथेच असतो. गेल्या आठवड्यात शशिकलाला ताप आला, म्हणून अवधूत आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे बसला. अर्ध्या नारळाला पाऊण तास, वर बोट कापून घेतलं. मांडी मोडून उठताना म्हणाला, "हे रोज करतेस तू?"

मित्रांनो, घर बघायला निघालात तर खिडकीतून काय दिसतं ते मागाहून बघा. त्या घरात जी राबणार, तिला विचारा, बाई, तू कुठे बसणार? आणि आमच्यासारख्या जुन्यांना काम झाल्यावर कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा. टाकून द्यावंसं वाटलंच, तर आधी एकदा स्वतः वापरायला बसा.