मालक नाही

"वावराचा मालक कोण?" मी विचारलं. वर बघितलंसुद्धा नाही.

"मालक न्हाई राह्यले, बाबू," देवकाबाई म्हणाली.

मी रकान्यात लिहिलं, 'मालक नाही'. तिचा अंगठा घेतला आणि पुढच्याला हाक मारली.

निजामी जाऊन चार वर्षं झाली होती. वांकिडीची उर्दू दप्तरं मराठीत उतरवायला मी बसलो होतो. जुन्या दप्तरात रकाना होता 'पट्टेदार', म्हणजे जमीन ज्याच्या नावावर तो. तो शब्द गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण मला शुद्ध मराठीची भारी हौस. मी त्या जागी 'मालक' घातलं आणि स्वतःवरच खूश झालो. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालक म्हणतात. माझी आईही तेच म्हणायची. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. इथे शहाणा मी, आणि रिकामं झालं देवकाबाईचं वावर.

वर्षभराने नोटीस निघाली. जमीन बेवारस, सरकारजमा. देवकाबाई तहसीलदारांपुढे उभी राहिली. साहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून दुभाषा मीच.

"मालिक नहीं, ये इसीने लिखवाया?" साहेबांनी विचारलं.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "हो बाबू. मालक गेले त्याले तीन वर्सं झाले. खोटं काऊन बोलू? पन वावर तं मीच वाहून राह्यली."

तेव्हा कुठे मला उलगडलं. चूक माझी, एवढं बोललो असतो तर फार तर बदली झाली असती. पण समोर माझ्या हाताखालचे कारकून बसले होते, आणि मराठीचा जाणकार म्हणून माझं नाव होतं.

"क्या बोलती है?"

"हाँ बोलती है, साहब."

साहेबांनी सही केली. आजही ते उत्तर आठवलं की मला माझी लाज वाटते.

बाहेर पायरीवर ती माझी वाट बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबू, माहं चुकलंच काही. मालक मेल्यावर वावरवालीनं सोताले काय म्हनाव लागते?"

"पट्टेदार," मी म्हणालो. "म्हणायचं, पट्टेदार मी."

"पट्टेदार मी," ती म्हणाली. विसरू नये म्हणून रस्ताभर तेच पुटपुटत गेली.