वाढत्या अंगाचा पिनाफोर

गणवेशाच्या दुकानातले काका या बाईला चांगलं ओळखून होते. लेकीला घेऊन ती पायरी चढली, की ते पोरीच्या मापाकडे न बघता थेट वरच्या फळीला हात घालत, कारण तिचं वाक्य ठरलेलं असायचं. "काका, वाढत्या अंगाचा द्या." मग खांदे कोपरापर्यंत ओघळोत की पोरीचे गुडघे दिसेनासे होवोत, बाई ढिम्म हलायची नाही. खालची कड आत दुमडून चार बोटं मुडप ती स्वतः घालायची, आणि पोर वाढेल तशी एकेक बोट सोडायची. दोन वर्षं ओढल्याशिवाय तिच्या घरात कपड्याची सुटका नव्हती.

या वर्षी ती आली, पिशवीतून जुना पिनाफोर काढून तिनं काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "याच मापाचा आणखी एक द्या."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, तब्येत बरी आहे ना?"

"याच मापाचा हो," ती भलतीकडेच बघत म्हणाली.

तिला जास्त बोलायचंच नव्हतं. बोलली असती तर तिथेच रडू फुटलं असतं. दोन वर्षांपूर्वी, लेक तिसरीत गेली तेव्हा, तिनं हा पिनाफोर घेतला, मुडप घातली, आणि त्यानंतर ती सोडायची वेळच आली नाही. तेव्हा कापड गुडघ्याखाली दोन बोटं होतं, आजही दोनच बोटं. सुरुवातीला तिला बरंच वाटलं, चला, कापड पुरतंय. पण सहा महिने गेले आणि तिला शंका यायला लागली. पोरगी वाढतच नव्हती. शाळेच्या रांगेत अजूनही सगळ्यात पुढे तीच. मध्ये शेजारीण सहज बोलून गेली, "हिला अजून तिसरीतलाच होतो का गं?" हिनं हसून वेळ मारून नेली.

एकदा मोजून टाकावं, इतकं साधं काम. टेप घरातच होता. पण हात धजावेना. मोजलं नाही तोवर निदान आशेला जागा होती. लेकीच्या उंचीकडे बघायचंच तिनं सोडून दिलं. नवऱ्याजवळ तर चकार शब्द काढला नाही. तो बिचारा लॉन्ड्रीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीशी झटून यायचा आणि वर घरचे कपडे धुणं, इस्त्री करणंही त्याच्याकडेच. त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला? मोठ्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ मात्र तिनं गुपचूप घेऊन ठेवली होती.

काकांनी पिनाफोर उलटा केला. कपड्याची उलटी बाजू बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, ही त्यांची जुनी खोड. खालची कड त्यांनी बोटांनी चाचपली, थांबले, आणि पिनाफोर घेऊन दाराशी उजेडात गेले.

"ताई, तुम्ही चार बोटं मुडप घालता ना?"

"हो."

"इथे तर एकच बोट उरलंय."

"काहीतरीच काय. मी सोडलेलीच नाही."

"तुम्ही नसेल सोडली. हे टाकेही तुमच्या हातचे नाहीत, तुमचे बारीक असतात. हा तर कुणीतरी घाईघाईत घातलेला धावदोरा आहे." त्यांनी कापड तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "आणि या सुईच्या भोकांच्या ओळी बघा. एक, दोन, तीन. तीन वेळा उसवलंय हे."

तिला काही समजेना. तिनं लेकीकडे बघितलं. लेक बुटाचं टोक फरशीवर घासत उभी होती.

"बाबांनी सोडली," लेक पुटपुटली. "मी लांब झाले की ते सोडायचे."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"बाबा म्हणाले, आईला बोलू नकोस. तिच्या कामात हात घातला की ती चिडते."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मागे एकदा त्यानं मुडपीला हात लावला होता, तेव्हा "तुम्ही तुमची इस्त्री बघा" म्हणून तिनंच त्याला फटकारलं होतं. त्यानं इस्त्रीच बघितली. प्रत्येक वेळी जुनी घडी अशी दाबून मोडली की वरून कुणाला मागमूसही लागू नये.

"काका," ती कसंबसं म्हणाली, "म्हणजे ही..."

"लहान चणीची आहे, पण वाढतेय की चांगली. इथे तीन बोटं, म्हणजे उंचीत त्याच्या दुप्पट धरा."

ती तिथल्या बाकड्यावर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं, पदर की रुमाल काय हाताला लागलं तेही कळलं नाही. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दीड वर्ष छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला टाकला होता, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की राग यायचाही विसरला. मग आठवण झाल्यासारखा रागही आला. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"पिनाफोरची मुडप तुम्ही सोडलीत?"

पलीकडे वाफेचा आवाज बंद झाला. "चिडू नकोस. पिनाफोर गुडघ्यांकडे सरकायला लागला की सोडायचो."

तिनं नाक ओढलं.

"अगं, रडतेस काय? एवढ्याशा मुडपीसाठी?"

"दीड वर्ष," ती म्हणाली, "दीड वर्ष मी समजत होते, आपली पोर वाढतच नाही."

 तो अगदी हळू म्हणाला, "मला सांगायचंस ना गं."

"तुमच्या जिवाला घोर नको म्हणून नाही सांगितलं."

"आणि मी, तुला राग नको म्हणून."

 एकमेकांना जपता जपता दोघांनी मिळून केवढा घोळ घातला होता. तिनं फोन ठेवला, लेकीला समोर उभं केलं, आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत मनसोक्त बघून घेतलं.